चोखोबांचे आख्यान कुठे थांबते?

सप्ताहात एक दिवस तरी चोखोबांचा येतोच. बुवा निरूपणात रंगलेले असतात, मृदंगमणी हलकी साथ धरतात आणि आख्यान सुरू होते. मेलेली ढोरे ओढणाऱ्या चोखोबांच्या मदतीला पांडुरंग धावतो. सोयराबाईंच्या बाळंतपणाला तोच नणंदेचे रूप घेऊन येतो. पुढे मंगळवेढ्याचे गावकूस कोसळते, चोखोबा त्याखाली गाडले जातात. नामदेवराय ढिगाऱ्यातून हाडे वेचतात. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येते ती चोखोबांची, ही खूण. ती पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी दिली जाते. मंडपातल्या आयाबाया पदराने डोळे पुसतात, टाळकरी पुढे सरतात, गजर होतो आणि बुवा पुढच्या मुक्कामाला निघतात.

या आख्यानावर, म्हणजे आज ते ज्या रीतीने सांगितले जाते त्यावर, मला टीका करायची आहे. त्यातल्या भक्तिभावाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, माझेही डोळे तिथे भरून येतात. तक्रार आहे ती आख्यान जिथे थांबते त्याबद्दल.

गावकुसाचाच प्रसंग घ्या. चोखोबा मंगळवेढ्याला यात्रेसाठी गेले नव्हते. कूस बांधायला गावाने ज्यांना जुंपले, त्या महार मजुरांत ते होते. परंपरा हा प्रसंग १३३८ सालचा सांगते. हाडांतून नाम कसे निघाले यावर बुवा अर्धा तास बोलतात, आणि चोखोबा त्या भिंतीखाली होते कशाला, यावर दोन वाक्येही नाहीत. किती कीर्तनांत 'वेठ' हा शब्द कानावर पडतो? ढोरे ओढण्याचेही तसेच. देवाने स्वतः हात लावला म्हटल्यावर ते काम पवित्र झाले असे आपण धरून चालतो. मग ते एकाच जातीच्या गळ्यात का, हे विचारायचे राहूनच जाते. देव चोखोबांच्या मदतीला आला, कारण गाव आले नाही. आख्यानाचा हा अर्थ त्याच्या पोटातच आहे, बाहेरून कोणी आणलेला नाही.

चोखोबांच्या घरातल्यांनी तो स्पष्ट बोलूनही दाखवला आहे. कर्ममेळा हा त्यांचा मुलगा. गाथेत त्याचे अभंग पंचवीसएक असतील. त्यांतल्या काहींत तो सरळ देवाशी भांडतो : आम्हाला या जातीत का घातलेस, उष्ट्यावर जगायला लावून तुला कोणते सुख मिळाले? यात बंडखोरीपेक्षा लेकराचा हक्क अधिक आहे, आणि देवाशी भांडण्याचा हक्क तर आपल्या संप्रदायात नामदेवरायांपासून चालत आलेला आहे. तरीही कर्ममेळ्याचा अभंग निरूपणाला घेतलेला फार क्वचित ऐकायला मिळतो. सोयराबाईंचा रंगाचा अभंग किशोरीताई आमोणकरांच्या आवाजात घराघरांत पोचला, हे फार चांगले झाले. पण त्याच माउलीने विटाळाचा प्रश्नही केला आहे : जो देह विटाळातूनच जन्मला, त्यात सोवळा कोण आणि ओवळा कोण? तो अभंग मात्र कुठे लावलेला ऐकू येत नाही. गोड तेवढे उचलायचे आणि तिखट गाथेतच ठेवायचे, ही निवड संतांची नव्हे, आपली आहे.

अशी निवड केल्याने काय होते, ते पंढरीनेच दाखवले आहे. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर होती, आख्यान शेकडो वर्षे चालू होते, आणि त्यांच्या वंशजांना मात्र देवाचे दार बंद होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना महाराष्ट्रभर फिरावे लागले आणि १ मे १९४७ पासून पंढरीतच प्राण पणाला लावून उपोषणाला बसावे लागले. त्याआधीच्या सहाशे वर्षांत चोखोबांवरच्या कीर्तनात किती डोळे पाणावले असतील, याचा विचार करावा. रडणाऱ्यांपैकी कोणी दाराकडे बोट का दाखवले नाही?

आता दार उघडे आहे, म्हणून विषय संपला असे काहीजण म्हणतात. मग वाळवंटाकडे पाहू. आषाढीला लाखो माणूस चंद्रभागेच्या काठी उतरते. वर्षानुवर्षे आपण वाळवंटातच उघड्यावर बसत आलो, आणि द्वादशीला परत फिरल्यावर तो मैला उचलत राहिली ती ठरावीक जातींची माणसे, झाडू, पत्रा आणि पाटी घेऊन. हाताने मैला उचलण्याच्या या कामावर मुंबई उच्च न्यायालयात याचिका चालली. २०१४-१५च्या सुमारास वाळवंटातल्या राहुट्या आणि वाहनांवर निर्बंध आले, नदीपलीकडे ६५ एकरांच्या तळावर सोय झाली, शौचालये वाढली. त्या वेळी परंपरेवर घाला म्हणून आपल्यातूनच विरोधही झाला. वाळवंटातल्या कीर्तनासाठी जीव तुटणे मला समजते. पण वाळवंटातली ती पाटी हीसुद्धा परंपराच होती, आणि तिच्याबद्दल आपल्यातून कोणी हाक दिली नाही. न्यायालयाला सांगावे लागले.

कायदा तर आहेच. हाताने मैला उचलायला लावणे २०१३च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. गटारात उतरून मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवण्याची वेळ आली, यातच माणसे अजून मरताहेत हे आले.

काही जाणकार म्हणतील, "कीर्तनात राजकारण आणू नका, ते नामासाठी आहे." पक्षांचे राजकारण नकोच. वारीच्या वाटेवर पुढाऱ्यांचे फलक इतके झाले आहेत की माउलींची पालखी शोधावी लागते, हेही एकदा कोणीतरी बोलायला हवे. पण मैला कोणी उचलायचा हा प्रश्न पक्षाचा नाही. आपण वाटेत एकमेकांच्या पाया पडतो, समोरच्याची जात विचारत नाही, हा आपला आचार आहे. तो पाटी उचलणाऱ्यापाशी येऊन का अडतो, हे विचारणे नामाच्या आड कसे येईल?

गाडगेबाबांच्या कीर्तनात नाम होते आणि प्रश्नही होते. गावात आल्यावर आधी खराटा, मग रात्री कीर्तन, आणि कीर्तनात समोरच्यालाच सवाल करून त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे, ही त्यांची रीत. पंढरीत त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि पुढे ती बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. चोखोबांचे आख्यान ते सांगत तेव्हा ते धर्मशाळेपर्यंत जाऊन पोचत असे. आजच्या काही तरुण कीर्तनकारांत ही धग दिसते, नाही असे नाही. पण ज्यांची कीर्तने मोबाईलवर सर्वाधिक फिरतात, त्यांत सासू-सुनेचे विनोद जास्त आणि कर्ममेळा शून्य.

येत्या सप्ताहात चोखोबांचा दिवस असेल, तर मंडळींनी बुवांना आधीच विनंती करावी की यंदा अभंग कर्ममेळ्याचा लावा. बुवा नाही म्हणणार नाहीत, नारळ देणारी मंडळी आपणच असतो. आणि काल्याच्या दिवशी एक पाहावे. मंडप झाडणारी, पत्रावळी उचलणारी, गटार मोकळे करणारी माणसे मी पाहिलेल्या गावांत बहुतेक शेवटच्या पंगतीला बसतात, भात संपत आलेला असताना. बुवांच्या शेजारचे पान त्यांच्यासाठी मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.