एलियाहू : नामार्थ आणि उपासना

‘एलियाहू’ हे हिब्रू नाम व्याकरणदृष्ट्या एक पूर्ण वाक्यच होय. ‘एली’ म्हणजे माझा देव, आणि ‘याहू’ हे इस्राएलाच्या ईश्वराच्या चतुरक्षरी नामाचे संक्षिप्त रूप. ‘याहू हाच माझा देव’ हा त्याचा अर्थ. १ राजे या ग्रंथाच्या १८ व्या अध्यायात कर्मेल पर्वतावर बआलाच्या उपासकांचा पराभव झाल्यावर लोकसमुदाय ज्या श्रद्धेचा उच्चार करतो, ती या संदेष्ट्याच्या नावात आधीच सामावलेली आहे.

मराठीत या नामाची तीन रूपे आढळतात : बायबलच्या भाषांतरातील ‘एलीया’, बेने इस्राएलांच्या प्रार्थनेतील ‘एलियाहू’ आणि त्यांच्या जुन्या व्यवहारातील ‘एलोजी’. ‘एलीया’ हे रूप केवळ ग्रीक वळणाचे मानणे युक्त नव्हे. मलाखीच्या ग्रंथाच्या अखेरीस मूळ हिब्रूतही तेच आहे, आणि त्यात ‘या’ या अंशाने ईश्वरनाम टिकून राहते. ‘एलोजी’त मात्र ते लोपते व त्याची जागा मराठी आदरार्थी ‘जी’ घेतो. शमुवेलाचा ‘सामाजी’ आणि यहेज्केलाचा ‘हसाजी’ होताना अंत्य ‘एल’ याच रीतीने गळाला आहे.

यावरून कोकणात या नामांचा धर्मार्थ नष्ट झाला, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो उपासनेकडे दुर्लक्ष करणारा ठरेल. ठाण्यात १८७९ साली ‘शाआर हाशामाईम’ हे प्रार्थनामंदिर उभारणाऱ्या बेने इस्राएल समाजात नवसाच्या व मंगल प्रसंगी मलिदा होतो. गोड पोहे, खोबरे व फळे यांचे तबक मांडून ‘एलियाहू हनाबी’चे स्तवन गायिले जाते. अलिबागजवळील खंडाळे येथे तर त्याच्या अग्निरथाच्या अश्वांचा ‘टापा’ दाखविला जातो.

येथे खरा प्रश्न उद्भवतो. ज्याचे नाव एकेश्वरनिष्ठेची घोषणा आहे, त्या संदेष्ट्याचाच धावा करणे नामार्थाशी विसंगत नव्हे काय? ‘मलिदा’ हा शब्द फारसी आहे, आणि दर्ग्यांतही तो वाहिला जातो. म्हणून या विधीस पीरपूजेचे अनुकरण म्हणण्याचा मोह होतो. वस्तुतः मलिद्यातील फळांवर उच्चारले जाणारे हिब्रू आशीर्वचन ईश्वरालाच उद्देशून असते. सुंतेच्या वेळी एलियाहूचे आसन मांडणाऱ्या जगभरच्या यहुदी परंपरेप्रमाणे येथेही तो साक्षी आहे, आराध्य नव्हे. ‘एलोजी’ या रूपातून गळालेले ईश्वरनाम त्या आशीर्वचनात उच्चारले जाते. म्हणून बेने इस्राएलांच्या नामांचा विचार केवळ व्युत्पत्तीवर थांबविणे अपुरे आहे.