क्रमांक की संख्या? : ब्लॉकचेनवरील एका संज्ञेची चिकित्सा

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन नामक ब्लॉकचेनवर नोंदविण्याचा शासकीय उपक्रम २०२२ मध्ये जाहीर झाला. अशा जाळ्यावरील नोंदवही सर्वांस खुली असते. तीत प्रत्येक खात्यास चाळीस षोडशमान अंकांचा एक ‘पत्ता’ असतो आणि त्या पत्त्याची ‘व्यवहारसंख्या’ कोणासही विचारता येते. तेव्हा एखादा जिज्ञासू सहज म्हणेल की, दाखले नोंदविणाऱ्या पत्त्याची व्यवहारसंख्या पाहावी; ती ६५,००० च्या जवळपास असल्यास दावा खरा, नसल्यास खोटा. हा तर्क सदोष आहे. आणि त्यातील दोष गणिताचा नसून भाषेचा आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

पॉलिगॉनने ज्या इथीरियमचे नियम स्वीकारले, ते जाळे ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाले. गॅव्हिन वुड यांनी २०१४ मध्ये त्याचे जे तांत्रिक विवरण सिद्ध केले, त्यात खात्याच्या या अंकास ‘नॉन्स’ म्हटले आहे. मात्र तोच अंक जाळ्याकडे मागावयाच्या आज्ञेचे नाव ‘गेट ट्रान्झॅक्शन काउंट’ असे आहे. म्हणजे एकाच अंकास इंग्रजीत दोन नावे आहेत. ‘नॉन्स’ हा शब्द भाषाभ्यासकांस अपरिचित नाही. एकाच प्रसंगापुरता घडविलेला शब्द तो नॉन्स-शब्द. येथेही एकदाच वापरावयाचा अंक हाच अर्थ अभिप्रेत आहे. मराठीत मात्र दुसऱ्या नावाचे भाषांतर रूढ होऊ पाहत आहे, आणि तेथेच घोटाळा होतो.

आपल्या व्याकरणात संख्याविशेषणांचे गणनावाचक व क्रमवाचक असे भेद केले जातात. ‘पाच पत्रे’ आणि ‘पाचवे पत्र’ यांतील भेद शाळकरी मुलासही कळतो. प्रस्तुत अंकाचे काम क्रमवाचक आहे. पत्त्यावरून निघणाऱ्या पहिल्या व्यवहारास शून्य हा अंक मिळतो, दुसऱ्यास एक, याप्रमाणे. पाच व्यवहार झाल्यावर उत्तर ‘पाच’ येते; पण जाळ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘पुढील व्यवहारावर पाच हा अंक घाला’ असा आहे. या क्रमामुळेच एकदा स्वाक्षरी केलेला व्यवहार कोणास दुसऱ्यांदा वठविता येत नाही, आणि मधला अंक गळाल्यास पुढील व्यवहार खोळंबून राहतात. मोजणी हा या योजनेचा हेतू नव्हे. तो तिचा आनुषंगिक परिणाम होय.

‘व्यवहार’ हा शब्दही येथे फसवा आहे. मराठीत व्यवहार म्हटला की देणे आणि घेणे ही दोन्ही अंगे आली. हा अंक मात्र केवळ जाणाऱ्या व्यवहारांचा आहे. एखाद्या पत्त्यावर हजार वेळा रक्कम आली आणि तेथून काहीच गेले नाही, तर उत्तर शून्यच येईल. काही शोधपृष्ठांवर आलेले व गेलेले व्यवहार एकत्र मोजलेले असतात. तो आकडा निराळा.

आमच्या मते या अंकास योग्य शब्द आपल्या कचेऱ्यांत पूर्वीपासून आहे. तो म्हणजे ‘जावक क्रमांक’. आवक-जावक नोंदवही ज्याने हाताळली आहे, त्यास पुढील गोष्टी वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. एका जावक क्रमांकाच्या पत्रासोबत शेकडो नावांची यादी जोडता येते; तद्वत एका व्यवहारात असंख्य दाखल्यांचा एकत्रित अंकीय ठसा नोंदविता येतो. टपालातून परत आलेल्या पत्राचा जावक क्रमांक रद्द होत नाही; तद्वत नोंदवहीत शिरून निष्फळ ठरलेला व्यवहारही मोजला जातो.

या संज्ञेलाही मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. जाळ्यावर काही पत्ते व्यक्तींचे नसून स्वयंचलित करारांचे असतात. तेथे हा अंक त्या कराराने निर्माण केलेल्या अन्य करारांचा असतो, आणि त्याचा आरंभ एकापासून होतो. दाखल्यांचा संग्रह अशा कराराच्या पत्त्यावर असेल, तर सहस्रावधी नोंदी होऊनही उत्तर ‘एक’ येऊ शकेल. शिवाय इथीरियमवर मे २०२५ मधील सुधारणेनंतर खातेदाराने दिलेल्या विशिष्ट अधिकारपत्रामुळेही, त्याने स्वतः व्यवहार न पाठविता, हा अंक वाढू शकतो. तथापि या अपवादांमुळे ‘क्रमांक’ हा शब्द खोटा पडत नाही. ‘संख्या’ मात्र अधिकच खोटी पडते.

नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असता डॉ. रघुवीर यांनी येथे प्रशासकीय परिभाषेचे मोठे कार्य केले. त्यांच्या संस्कृतनिष्ठ घडणीविषयी मतभेद असू शकतील. परंतु संज्ञा घडविण्यापूर्वी संकल्पनेचे पृथक्करण करावे, हा आग्रह आजही धरला पाहिजे. येथे तर नवा शब्द घडविण्याचेही कारण नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. एटापल्लीतील एखादा आदिवासी विद्यार्थी प्रवेशासाठी दाखला पुढे करील, तेव्हा तो तपासणाऱ्याने दोन गोष्टी पाहावयाच्या आहेत : दाखल्याचा अंकीय ठसा नोंदीशी जुळतो की नाही, आणि ती नोंद करणारा पत्ता शासनाने आपला म्हणून जाहीर केला आहे की नाही. त्या पत्त्याची ‘व्यवहारसंख्या’ कमी दिसली म्हणून दाखला संशयास्पद ठरविला, किंवा मोठी दिसली म्हणून निर्धास्तपणे स्वीकारला, तर दोन्ही वेळी चुकीच्या शब्दाने चुकीचा निर्णय घडविला असे होईल.