ख्रिस्तपुराणातील अनामिक प्रश्नकर्ता

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे नाव आपल्या सभांतून निघाले की पुढचे सारे ठरलेले असते. वक्ता मराठी भाषेच्या स्तुतीच्या त्या सुप्रसिद्ध ओव्या म्हणतो, श्रोते माना डोलावतात, आणि ख्रिस्तपुराण पुन्हा कपाटात जाते. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाचे ऋण चार ओव्यांवर भागविणे ही कृतज्ञता नव्हे, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. त्या ओव्या सुंदर आहेत. परंतु ग्रंथ का लिहिला गेला, हे त्यांवरून कळत नाही. त्यासाठी पहिल्या पुराणाचा पहिलाच अवस्वर नीट वाचला पाहिजे. (अवस्वर म्हणजे अध्याय, हा शब्द ग्रंथातलाच आहे.)

तेथे पाद्री गुरू चर्चमध्ये शिकवीत असता ऐकणाऱ्यांपैकी एक ब्राह्मण प्रश्न करतो. शिकवण चांगली आहे हे त्याला मान्य आहे. पण जुन्या पुराणांचे वाचन तुम्ही बंद केलेत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय, मन रमवावे कशात, असे त्याचे म्हणणे. या प्रश्नात जिज्ञासा आहे तशीच तक्रारही आहे, हे आपण सहसा बोलून दाखवीत नाही. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. स्टीफन्स गोव्यात आले ते १५७९ मध्ये. ज्या श्रोत्यांपुढे ते उभे होते त्यांच्या घरांतून काहीतरी काढून घेतले गेले होते. ती तक्रार लेखकाने झाकली नाही, उलट आपल्या ग्रंथाचा आरंभच तिच्यावर केला. मला या ग्रंथाचे खरे मोठेपण येथे दिसते. प्रश्नोत्तरे पाठ करून घेऊन थांबणे त्यांना सहज शक्य होते. तशी पुस्तिकाही त्यांनी लिहिली आहेच. परंतु ऐकणाऱ्याला ओवी हवी होती, आणि जन्माने इंग्रज असलेला हा गुरू ओवी शिकला.

याचा अर्थ ग्रंथ निर्दोष आहे असा नव्हे. मूर्तिपूजेविषयीची त्यातील भाषा ठिकठिकाणी कठोर आहे, आणि आज शेजारधर्म पाळणाऱ्या वाचकाला ती बोचते. कृतज्ञतेच्या भरात ती गाळून वाचणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मात्र त्याच लेखणीने स्वर्गाला वैकुंठ म्हटले आणि श्रोत्यांना 'भावार्थी' अशी हाक मारली, हेही त्याच पानांवर आहे.

आता त्या प्रश्नाचे उत्तर किती दूर गेले ते पाहू. ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला, तोही रोमन लिपीत. देशी लिपीचे खिळे मिळावेत म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये आपल्या संघाच्या रोममधील प्रमुखांना पत्र लिहिले होते, पण तसे खिळे काही मिळाले नाहीत. पुढे १६४९ व १६५४ मध्ये आवृत्त्या निघाल्या. नंतर १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. त्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ उरला, कारण तो कोणीतरी हाताने उतरवून घेतला, पुन्हा पुन्हा उतरवला. हे 'कोणीतरी' कोण, त्यांची नावे नाहीत. गोव्यातून दक्षिणेत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पोथी बरोबर नेली. मंगळूरकडे, घरात कोंकणी आणि बाजारात तुळू-कानडी बोलणाऱ्या माणसांनी, या मराठी ओव्या गाइल्या. १७८४ मध्ये टिपूने त्यांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले, आणि १७९९ पर्यंतच्या त्या वर्षांत याच ओव्यांनी धीर दिला, असे तेथील परंपरा सांगते. त्यांच्याकडच्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरास आवृत्ती काढली.

लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आहे. त्यात पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागी बरेचदा संस्कृत शब्द येतात. हेच मूळ की नंतर कोणी केलेले रूपांतर, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला दुसरा पक्ष अधिक पटतो, आणि तो खरा असेल तर कोण्या अज्ञात शिष्याने गुरूचे काम गुरूच्याही पुढे नेले, असे म्हणावे लागेल. रोमकडे मागितलेली लिपी छापील रूपात ग्रंथाला लाभली ती १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या पुण्याच्या आवृत्तीने. पत्रानंतर ३४८ वर्षांनी!

कलस्सैकरांना पत्र लिहिताना पौलाने, ज्यांनी आपले तोंड पाहिले नाही अशांसाठीही आपण झटत आहोत, असे कळविले आहे. त्या मंडळीला शिकविले होते एपफ्राने. पौलाचे पत्र आपण रविवारी वाचतो, एपफ्राचा उल्लेख मात्र वाचता वाचता मागे पडतो. ख्रिस्तपुराणाच्या बाबतीतही आपण असेच करीत आलो आहोत. स्टीफन्स यांचे आभार मानताना नकलकार, गाणाऱ्या आजीबाया, पोथी गाठोड्यात बांधणारे परागंदा लोक, यांपैकी कोणाचेच स्मरण होत नाही.

यास्तव एक सूचना करतो. येत्या उपवासकाळात धर्मशिक्षकांनी दुसऱ्या पुराणातील प्रभूच्या दुःखसहनाचे अवस्वर मंडळीत मोठ्याने वाचावेत. कॅरिदाद द्रागो यांची १९९६ ची आवृत्ती देवनागरीत आहे. भाषा आरंभी अडेल, पण चाल सापडली की वाचणाऱ्याचा कंठ मोकळा होतो. वाचनाअगोदर त्या ब्राह्मणाचा प्रश्न सांगावा. त्याला ग्रंथात नाव दिलेले नाही, म्हणून तो नुसताच 'एक ब्राह्मण' म्हणून सांगावा.