हौशी छायाचित्रकार : शास्त्र आणि दृष्टी

हौशी मंडळींची मैफल गाण्याची असो, नाटकाची असो वा छायाचित्रांची, तिच्यात एक निर्मळ उत्साह असतो आणि त्याचा अवमान करण्याची आमची इच्छा नाही. आठवडाभर फायलींचा निकाल लावून रविवारी पहाटे कॅमेरा खांद्याला अडकविणारा मनुष्य आम्हांला आदरणीयच वाटतो. परंतु ज्याचा आदर करावयाचा त्याच्या कामाकडे नीट पाहावे व जे दिसेल ते सांगावे, हाही आदराचाच एक प्रकार आहे. गेल्या हिवाळ्यात दिल्लीतील एका हौशी मंडळाचे प्रदर्शन पाहिल्यापासून हे सांगणे आमच्या मनात घोळत आहे.

प्रदर्शनातील बहुतेक चित्रे निर्दोष होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. यमुनेच्या घाटावरील धुके, धुक्यात एक होडी आणि होडीभोवती झेपावणारे परदेशी कुरव पक्षी. पुष्करच्या जत्रेतील उंट व त्यांच्या पायांनी उडालेली सोनेरी धूळ. वाराणसीच्या पायऱ्यांवर बसलेला सुरकुतलेल्या चेहऱ्याचा साधू. प्रकाश हवा तेथे प्रकाश होता, सावली हवी तेथे सावली होती. तरीही तिसऱ्या भिंतीपाशी पोहोचेपर्यंत पहिल्या भिंतीवरील एकही चित्र आम्हांला वेगळे असे आठवेना. चित्रांची नावे ‘प्रतीक्षा’, ‘एकाकी’, ‘जीवनसंध्या’ अशी होती. ती आपसांत बदलली असती तरी कोणाच्या ध्यानात आले नसते. चित्राखाली कॅमेऱ्याचे नाव, लेन्स, अ‍ॅपर्चर, शटरचा वेग हे सारे काटेकोरपणे नोंदलेले होते. स्थळ क्वचित होते, दिनांक नव्हता. आणि ज्याच्या चेहऱ्याला पारितोषिक मिळाले, त्या मनुष्याचे नाव तर कोठेच नव्हते.

सायंकाळच्या चर्चेतही हाच क्रम दिसला. ‘लेन्स कोणती वापरलीत?’ हा पहिला प्रश्न, ‘संगणकावर किती फेरफार केलात?’ हा दुसरा. ‘तेथे किती वेळ उभे होतात?’ आणि ‘हेच का घेतलेत?’ हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. यंत्राची चर्चा करणे गैर आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मात्र विषयावाचून चाललेली यंत्रचर्चा ही रागाचे नावही न घेता तंबोऱ्याच्या भोपळ्याविषयी चाललेल्या चर्चेसारखी आहे.

आपल्या देशातील ही हौस नवी नव्हे. मुंबईत छायाचित्रकारांची सोसायटी १८५४ मध्ये निघाली. १८५६ मध्ये कलकत्त्यासही तशीच संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे व्यवसायाने वैद्य. पण मुंबईच्या सोसायटीत त्यांनी मानाचे स्थान मिळविले होते. सैन्याधिकारी, शल्यवैद्य, वकील अशा मंडळींनीच या संस्था भरलेल्या होत्या. आजचा आमचा हौशी वर्ग हा त्यांचाच वंशज.

त्यांपैकी कॅप्टन लिनियस ट्राइप यांचे उदाहरण बदलीच्या नोकरीतील वाचकांनी अवश्य पाहावे. मद्रासच्या सैन्यातील या अधिकाऱ्याने रजेवर इंग्लंडात असताना ही कला शिकून घेतली, १८५४ च्या अखेरीस हळेबीड व बेलूरची मंदिरे टिपली आणि पुढे हौसेचेच सरकारी काम झाले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, हे आपणांस ठाऊक आहेच. त्याच मंदिराच्या विमानाच्या पायथ्याशी असलेले प्राचीन तमिळ शिलालेख ट्राइप यांनी १८५८ मध्ये टिपले. ते एका चित्रात मावणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी तुकड्यातुकड्याने चित्रे घेऊन २१ प्रिंट एकास एक जोडले आणि सुमारे १९ फूट लांबीची पट्टी सिद्ध केली.

येथे शास्त्र आहे, आणि ते असामान्य आहे. दक्षिणेच्या उष्म्यात ओल्या रसायनाची काच पाहता पाहता सुकते. मेण लावलेला कागद मात्र आधी तयार करून ठेवता येतो. ट्राइप यांनी पुष्कळ काम अशा कागदावर केले, ते म्हणूनच. कोरे दिसणारे आकाश भरून काढण्यासाठी ते निगेटिव्हवर हाताने ढगही रंगवीत. तेव्हा ‘फेरफार’ हे संगणकाचे पाप, असे मानणाऱ्यांनी आपला राग थोडा आवरावा. महत्त्वाचे हे, की येथे प्रत्येक युक्ती विषयाने मागितलेली आहे. लेख लांब होता, म्हणून पट्टी लांब झाली.

तथापि ट्राइप यांनाही सर्व गुण देता येत नाहीत. त्यांच्या चित्रांत दगड बोलतो, माणसे विरळाच दिसतात. माणसांच्या जगापासून ही हौस अलिप्त राहू शकते, हा समज किती पोकळ आहे हे कलकत्त्याच्या सोसायटीने लवकरच दाखविले. तिचे पदाधिकारी असलेले पंडित राजेंद्रलाल मित्र यांनी १८५७ मध्ये जाहीर भाषणात निळीच्या मळेवाल्यांवर टीका केली. त्या भाषणाचा छायाचित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. तरी सोसायटीने त्यांना काढून टाकले. रसायनांची चर्चा करणाऱ्या मंडळींतही कोणाचे हितसंबंध चालतात, हे त्या दिवशी उघड झाले. आज चित्राखाली लेन्सचे नाव येते आणि हमालाचे येत नाही, तेव्हा त्या जुन्या प्रसंगाची आम्हांला आठवण होते.

आता त्या प्रदर्शनातील एका कोपऱ्याविषयी. तेथे एका सरकारी नोकराची आठ लहान चित्रे होती. विषय एकच : त्यांच्या पूर्वीच्या नेमणुकीच्या गावी क्वार्टरसमोर असलेले रेल्वेचे फाटक. वर्षभरात निरनिराळ्या वेळी तेथे थांबलेली माणसे त्यांनी टिपली होती. प्रत्येक चित्राखाली तारीख व वेळ होती. फाटकवाल्याचे नाव होते, आणि रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन थांबणाऱ्या गवळ्याचेही. परीक्षकांनी एका चित्रात क्षितिज कलल्याचा दोष दाखविला आणि तो खरा होता. आठांपैकी तीन चित्रे पुनरुक्तीची होती, हेही आम्ही मान्य करतो. परंतु एका पावसाळी चित्रात फाटकवाला स्वतः भिजत गवळ्याच्या कॅनवर आपली छत्री धरून उभा आहे. हे दृश्य पुष्करला एका दिवसासाठी गेलेल्या प्रवाशाला मिळत नाही. ते त्यालाच मिळते, जो त्या फाटकासमोर वर्षभर राहिला आहे आणि ज्याच्या कॅमेऱ्याची तेथील माणसांना सवय झाली आहे.

धंदेवाईक छायाचित्रकाराकडे उत्तम लेन्स असते, सहायक असतात. पण एका गावी तीन वर्षे राहण्याची सवड त्याला सहसा नसते. ती आपल्यासारख्यांना बदलीच्या हुकुमाने न मागता मिळते. हौशी मनुष्याचे खरे भांडवल हेच, आणि तेच तो पुष्करची वाट धरून उधळून टाकतो, ही आमची तक्रार आहे.

त्या आठ चित्रांना पारितोषिक मिळाले नाही. निघताना आम्ही त्या गृहस्थांची गाठ घेतली आणि त्यांचा कॅमेरा कोणता, हे विचारण्याचे राहूनच गेले. फाटकवाल्याला त्याचे चित्र दिलेत काय, एवढे मात्र विचारले. ‘चार प्रती दिल्या,’ ते म्हणाले, ‘एक त्याने गवळ्याला दिली.’