निषादीची पाच पोरं

वरळी कोळीवाड्यात सुट्टीच्या दुपारी आमचं कवितावाचन झालं. पंधरा-वीस पोरं होती. तिघांनी एकलव्यावर कविता वाचली. चौथा मी. चौघांच्याही कवितेत अंगठा होता, रक्त होतं, द्रोणाचा हिशेब चुकता करायची भाषा होती. टाळ्या पडल्या. बाजूला बांबूंवर बोंबील वाळत घालणारी एक म्हातारी मावशी ऐकत होती. ती म्हणाली, "एकलव्य तरी राजाचा पोर. लाखेच्या घरात जळाली त्या बायेवर काय लिव्हलंत का रं?"

आम्ही गप्प. मला गोष्ट वरवर ठाऊक होती. घरी येऊन आदिपर्वाचं भाषांतर काढलं नि नीट वाचलं. दोस्तांनो, तुम्हीही वाचा. कीर्तनकाराकडून ऐकू नका, स्वतः वाचा.

पांडव कुंतीसह वारणावतात आहेत. विदुरानं आधीच सावध केलंय, भुयार खणून तयार आहे. आता पळायचं कसं? युधिष्ठिर, म्हंजे साक्षात धर्मराज, बेत सांगतो: शस्त्रागार पेटवू, पुरोचनाला जाळू, सहा जीव इथं ठेवू नि कुणाला न कळता निघून जाऊ. सहा जीव! ती बाई तेव्हा दारातसुद्धा आलेली नाही. पुढं कुंती जेवणावळ घालते. त्या जेवणाला एक निषादी पाच पोरं घेऊन येते, आणि कवी सांगतो की ती सहज आली, अन्नाच्या आशेनं आली, काळानंच तिला धाडलं. दारू पिऊन ती मायलेकरं तिथंच मेल्यासारखी झोपतात. रात्री भीम आग लावतो.

आधी बेत, आणि पानभरात त्याच बेताला योगायोगाचं पांघरूण. हे कसब मान्य करायला हवं.

सकाळी गावाला सहा प्रेतं सापडतात. लोक पांडवांसाठी रडतात. हस्तिनापुरात धृतराष्ट्र त्यांची उत्तरक्रिया करतो. म्हंजे तिलांजली मिळाली, पण राजपुत्रांच्या नावानं. त्या सहा जणांचं मरणसुद्धा त्यांच्या स्वतःच्या नावावर नाही.

आता सुडाकडं बघा. महाभारत सुडावरच चालतं. द्रोण द्रुपदाचा अपमान फेडतो, द्रुपद यज्ञ करून द्रोणाला मारणारा मुलगा मिळवतो. अंबा भीष्मासाठी शिखंडी होऊन परत येते. भीम दुःशासनाचं रक्त पितो. तक्षक परीक्षिताला डसतो म्हणून जनमेजय सगळ्या नागकुळाला आगीत ओढतो, आणि ही सगळी कथा त्याच सर्पसत्रात सांगितली जाते. पण यातल्या प्रत्येकाकडं काहीतरी आहे: शपथ घ्यायला सभा आहे, वर द्यायला देव आहे, नाहीतर यज्ञाला पैसा आहे. सूड घ्यायलासुद्धा ऐपत लागते. बदली कामगाराला हे समजावून सांगावं लागत नाही.

निषादीसाठी कुणी शपथ घेत नाही. अठरा दिवसांच्या युद्धात एकाच्याही तोंडी तिचा उल्लेख नाही. पण सौप्तिक पर्वाला या, तिथं मी थबकलो. रात्र आहे, छावणी झोपलेली आहे. अश्वत्थामा आत शिरतो आणि द्रौपदीची पाच पोरं मारतो. बाहेर त्याचे दोघं जोडीदार छावणीला आग लावतात. पाच पोरं, रात्र, आग! त्यांच्यासाठी मात्र अख्खं पर्व आहे, द्रौपदीचं प्राणांतिक उपोषण आहे, अश्वत्थाम्याच्या डोक्यावरचा मणी काढून आणणं आहे. आणि आश्रमवासिक पर्वात कुंतीसुद्धा वणव्यात जळून मरते.

आमचे पांढरपेशे समीक्षक इथं म्हणतील, बघा, व्यासानं न्याय केला, कर्म फिरून आलं. मला वाटतं, व्यासाला सगळं दिसत होतं. मत्स्यगंधेचा पोर तो, होडी वल्हवणाऱ्या कोळणीचा. पण त्यानं निषादीला मोजके श्लोक दिले आणि नंतर तिचं नाव कुणाला काढू दिलं नाही. द्रौपदीची पोरं का मेली, या प्रश्नाच्या उत्तरात निषादी कुठंच नाही. गुन्हा कुणावर झाला आणि का झाला हे चारचौघांत उच्चारल्याशिवाय मिळालेली शिक्षा म्हंजे न्याय नव्हे. तो नुसता वणवा. उद्या कुणालाही जाळेल.

इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये खांडववनाच्या आगीचा प्रश्न काढला, ते धाडसाचं काम होतं. महाश्वेता देवींनी बंगालीत कुंती आणि निषादीची कथाच लिहिली, तिच्यात त्या घरातली सून कुंतीला रानात गाठून जाब विचारते. आमच्याकडं मात्र अंगठ्यांचा ढीग पडलाय. एकलव्याला नाव आहे, बाप आहे, धनुष्य आहे. त्याच्यात आम्हाला आमचा पुरुष दिसतो. जेवायला आलेली, दारू प्यायलेली बाई आम्हाला दिसली नाही. हा दोष माझाही.

हे जुनं पुराण आहे असं समजू नका. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन या भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावानं मारलं. 2008 साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली, दोघांना जन्मठेप. पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. जुलै 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशी बदलून 25 वर्षांची शिक्षा केली आणि सांगितलं की हे खून सुडातून झाले, जातीतून नाही. पुन्हा तोच शब्द, सूड! भीमानं घेतला तर प्रतिज्ञा. आपण जाब विचारला तर सूडबुद्धी. आणि आपल्यालाच मारलं तर 'सूड' म्हणायचं, म्हंजे जात हा शब्द निकालात यायला नको. शिक्षा आहे, कारण नाही. वारणावतासारखंच, प्रेतं आहेत, नाव दुसऱ्याचं.

20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावरून परतताना आपल्या माणसांना मार बसला. पोरं चवताळली होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. हल्लेखोरांवर खटला झाला, त्यांना कैद झाली. तळ्याचा दावा मात्र 1937 पर्यंत उच्च न्यायालयात लढावा लागला. दहा वर्षं! आम्हाला कुणी विचारतं, हात का नाही उचलला? त्या दाव्याचे कागद वाचा. तिथं कोण पाणी प्यायला गेलं आणि त्याला का अडवलं, हे लिहिलेलं आहे.

मावशीनं परवा पुन्हा विचारलं, "नाव काय होतं रं तिचं?" पुस्तकात नाही, म्हणालो. एखादं नाव ठेवून कविता करावी असं आधी मनात आलं होतं. मग वाटलं, आपण कोण ठेवणार? संपादकांना कळवतो की या अंकासाठी दिलेली एकलव्याची कविता मी परत घेतोय. स्टेन्सिल कापली नसेल तर त्या जागी हे छापा.