जपमाळ आटोपल्यावर

जूनच्या आरंभी मासेमारी बंद झाली, की मुरुडपासून कोर्लई-रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात आणि एरवी समुद्रावर असणारी माणसे दोन महिने घरात सापडतात. संध्याकाळची जपमाळ होते, जेवणे होतात आणि वीज असेल तर घर पडद्यासमोर बसते. हा तास आपण कोणाच्या स्वाधीन करतो, याचा विचार साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकात व्हावयास हरकत नसावी. कादंबरी आपण चार जणांना विचारून निवडतो. चित्रपटाची निवड मात्र ज्याच्या हाती रिमोट त्याची. आता तर घरातील चौघे चार मोबाइलांवर चार निरनिराळ्या गोष्टी पाहतात, त्यामुळे निवडीवरून होणारे भांडणही उरलेले नाही.

१९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्कमाध्यमविषयक परिषदेने ४५ चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली होती. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन विभाग होते व प्रत्येकात १५ चित्रपट. यादी विचारपूर्वक केलेली आहे. बर्गमन, तार्कोव्हस्की, ड्रायर हे सारे तीत आहेत. 'गांधी' आहे, परंतु तो रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा. भारतीय दिग्दर्शकाचा मात्र एकही चित्रपट तीत नाही. सत्यजित राय नाहीत, प्रभात नाही. यादी करणाऱ्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही; दुरून जे दिसले ते त्यांनी घेतले. ही उणीव आपल्या घरापुरती आपण भरून काढावी, एवढेच म्हणावयाचे आहे.

आणि ती भरताना एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारतीय चित्रपटाचा उगमच ख्रिस्तचरित्राच्या दर्शनातून झाला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला आणि तो पाहता पाहता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण, गोकुळ-अयोध्या उभी राहिली, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. ही सारी खटपट परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) मध्ये हसतखेळत मांडली आहे. मुलांना घेऊन पाहण्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही. मला त्यातील मर्म वाटते ते असे, की परक्याच्या श्रद्धेचे चित्र मन लावून पाहिले म्हणून फाळके यांना आपली श्रद्धा नव्याने दिसली. आपणही त्याच वाटेने उलट जाऊन पाहावे.

तसे गेल्यास पहिला मुक्काम अर्थातच 'संत तुकाराम' (१९३६). दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि पुन्हा पाहावयाचे राहून जाते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे मानणाऱ्या रेव्हरंड टिळक यांच्या परंपरेतील वाचकाला विष्णुपंत पागनीस यांच्या भोळ्या, तल्लीन मुद्रेविषयी काय सांगावे! परंतु प्रस्तुत लेखकाला हा चित्रपट जिजाईचा वाटतो. गौरी या नटीने ती उभी केली आहे. पोर तापाने फणफणलेले, घरात दाणा नाही आणि नवरा नामात दंग. तेव्हा ही बाई हाती वहाण घेऊन देवळात देवाला जाब विचारावयास जाते. ईयोबाचा ग्रंथ ज्यांनी वाचला आहे, त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही. देवावर संतापता येण्यासाठी तो आहे असे आधी मानावे लागते, आणि जिजाई तर त्याच्या अंगावर धावून जाते. कोळणीच्या पोटी जन्मलेल्या माणसाला ती भाषा घरचीच वाटते.

येशू पडद्यावर दिसला म्हणजे चित्रपट धार्मिक झाला, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मूळ तेलुगू 'करुणामयुडु' (१९७८) हा चित्रपट हिंदीत 'दयासागर' या नावाने गावोगावी दाखवला गेला, आणि उघड्यावर पांढरी चादर बांधून केलेल्या त्या खेळांना बसलेले लोक हुंदके देत, त्यांना हिणवण्याचे कारण नाही. परंतु त्यातील येशू चित्रातल्यासारखा आहे. तो आपल्याला काही विचारीत नाही. पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाचा 'मत्तयकृत शुभवर्तमान' (१९६४) यानंतर पाहावा. हा मनुष्य मार्क्सवादी, स्वतःस अश्रद्ध म्हणवणारा; तरी चित्रपट त्याने पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. पदरचे संवाद घातले नाहीत, मत्तयाचेच शब्द घेतले. दक्षिण इटलीतील गरीब गावांत चित्रण केले, नट व्यावसायिक घेतले नाहीत आणि वृद्ध मरियेच्या भूमिकेत स्वतःच्या आईला उभे केले. क्रुसाखाली कोसळणारी ती म्हातारी पाहताना संगीत ऐकू येईनासे होते. तिचा चेहरा आपल्या कोणत्याही गावच्या बाजारात भेटेल असा आहे.

आता थोडे आपल्याविषयी. हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणसाला एक बाटली, एक गिटार आणि एक मोडके हिंदी देऊन टाकले. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील अँथनी तरी लाडका आहे. बाकीच्यांची गत विचारू नये. कोर्लईच्या लोकांनी, पोर्तुगीज १७४० साली निघून गेले तरी, त्यांच्या भाषेतून घडलेली आपली 'नो लिंग' जपली, आणि त्याच घरांत मराठीही नांदते. अशा घरातल्या मुलाने पडद्यावरचा ख्रिस्ती पाहून आपण कोण आहोत असे समजावे? हा प्रश्न करमणुकीचा नाही.

त्याचे एक उत्तर दूरचित्रवाणीनेच दिले होते आणि आपण ते विसरलो. विजया मेहता यांनी १९८२ साली लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर त्याच नावाचा मराठी दूरचित्रपट केला. लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत सुहास जोशी होत्या. घरच्या पडद्यासाठी घडवलेली, मराठी ख्रिस्ती दांपत्याची याच्या तोडीची दुसरी कलाकृती मला ठाऊक नाही. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि ज्या बाईचा संसार त्यामुळे दुभंगला, तीच बाई सोवळे-ओवळे, आप्त, अन्नपाणी यांच्याशी वर्षानुवर्षे झगडत अखेर स्वतःच्या पायांनी त्या वाटेवर आली. तिच्या कथेत धर्मांतराचा जयघोष नाही, विनोद आहे. (टिळक दांपत्य प्रोटेस्टंट होते, याची आठवण काही वाचक करून देतीलच. देवोत बापडे!) घरात ख्रिस्त आला तेव्हा स्वयंपाकघरात काय झाले, हे सांगणारा असा ऐवज आपल्याला कॅथलिक लेखणीतून अद्याप हवा आहे.

किनाऱ्यावरच्या कॅथलिक माणसाला आपले जीवन जसेच्या तसे पाहावयाचे असेल, तर आज त्याला केरळाकडे वळावे लागते. लिजो जोस पेल्लिसेरी यांचा 'ई. म. यौ.' (२०१८) कोचीनजवळच्या मासेमार लॅटिन कॅथलिकांची गोष्ट सांगतो, लेखन पी. एफ. मॅथ्यूज यांचे. 'येशू, मरिया, योसेफ' ही मरणाऱ्याच्या कानात म्हणावयाची नावे, त्यांची आद्याक्षरे म्हणजे हे शीर्षक. वावच्चन नावाचा म्हातारा घरी येतो, मुलाबरोबर पितो, आपल्या बापाची अंत्ययात्रा किती थाटाची होती ते आठवतो. मुलगा ईशी वचन देतो: बाबा, तुमचीही तशीच काढीन. त्याच रात्री म्हातारा मरतो. पुढचा सगळा चित्रपट हे वचन पाळण्याची धडपड आहे. पेटीचे पैसे, बँडाचे पैसे, कोसळणारा पाऊस, म्हाताऱ्याचा दुसरा संसार दारात येऊन उभा राहतो तो क्षण, शेजाऱ्यांची कुजबुज. ती कुजबुज धर्मगुरूच्या कानी जाते, तो मृत्यूविषयी संशय घेतो आणि दफनास नकार देतो. अखेर मुलगा अंगणातच, भर पावसात, बापासाठी खड्डा खणू लागतो.

यातील धर्मगुरूचे चित्रण पाहून काहींना राग येईल. मला तो आला नाही, कारण चित्रपटाने चर्चची टिंगल केलेली नाही. दफनाचा विधी त्या माणसांसाठी किती मोलाचा आहे हे दाखवले, म्हणून तर नकार एवढा झोंबतो. पावसाळ्यात ज्यांनी आपल्या माणसाला माती दिली आहे, पायाखालचा चिखल आणि भिजलेली फुले पाहिली आहेत, त्यांना हे समजावून द्यावे लागत नाही. गोव्याच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात याला दिग्दर्शनाचे व अभिनयाचे पारितोषिक मिळाले. मुलांसह मात्र पाहू नये. मद्य आणि शिव्या मुबलक आहेत. मल्याळम येत नसल्यास खालच्या इंग्रजी ओळी वाचून घरच्या म्हाताऱ्यांना मराठीत सांगण्याचे काम एखाद्या नातीकडे द्यावे. आमच्या घरी हा प्रयोग केला, आणि दोनदा ती सांगायची थांबली तेव्हा आजीने तिला हटकले नाही.

'श्वास' (२००४) बहुतेकांनी पाहिला असेल. संदीप सावंत यांच्या या चित्रपटातील कोकणातला आजा, नातवाचे डोळे काढावे लागणार हे कळल्यावर, शस्त्रक्रियेआधी त्याला रुग्णालयातून बाहेर नेऊन जग दाखवतो. ज्याने इस्पितळाच्या वऱ्हांड्यात रात्र काढली आहे, त्याने तो पुन्हा पाहावा.

मालिकाच हवी, आणि रोज थोडे थोडे पाहावयाचे असेल, तर पोलंडच्या क्रिस्तॉफ किसलोव्हस्की यांची 'डेकालोग' (१९८८). दहा आज्ञा, दहा भाग, प्रत्येक सुमारे तासाभराचा. सगळे एकाच कामगारी वसाहतीसारख्या इमारतींत घडते. ही मालिका व्हॅटिकनच्या यादीतही आहे, पण 'धर्म' विभागात नव्हे, 'मूल्ये' विभागात. पहिल्या भागात एक प्राध्यापक बाप तळ्यावरील बर्फ किती जाड आहे ते संगणकावर मोजतो आणि मुलाला त्यावर खेळावयास परवानगी देतो. हिशेब बरोबर असतो, बर्फ फुटतो. त्यानंतर तो बाप अर्धवट बांधलेल्या चर्चमध्ये जाऊन वेदी उलथून टाकतो. जिजाईची वहाण आणि ही उलथलेली वेदी एकाच पडद्यावर, एकाच आठवड्यात पाहता यावी, हे आपल्या पिढीचे भाग्य म्हणावे लागेल. दर रात्री एकच भाग लावावा. पाचवा, खुनावरचा, मुले झोपल्यानंतर.