राजकन्येचा वर्ण : गुणधर्म की कार्य?

व्लादिमीर प्रॉप यांनी 1928 साली रशियन अद्भुतकथांची संरचना उलगडताना पात्रांची कार्ये स्थिर आणि गुणधर्म परिवर्तनीय मानले. या भेदाच्या आधारे पाहिल्यास डिस्नेच्या ॲनिमेशनपटांतील राजकन्यांचे वांशिक वैविध्य हा केवळ गुणधर्मांतील बदल ठरतो. 1937 च्या 'स्नो व्हाइट'नंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर जास्मिन (1992), पोकाहोंटस (1995), मुलान (1998) आणि टियाना (2009) या नायिका आल्या, वर्णपट विस्तारला. मात्र पहिली कृष्णवर्णीय अमेरिकी राजकन्या असलेली टियाना चित्रपटाचा बराचसा काळ बेडकीच्या रूपात वावरते. तेव्हा वैविध्याची मोजदाद पुरेशी नाही, हे उघड आहे.

परंतु वर्ण हा खरोखरच निष्क्रिय गुणधर्म असतो काय? मराठीत 'स्नो व्हाइट'ची 'हिमगौरी' झाली. मूळ नावात केवळ हिमाची शुभ्रता होती. 'गौरी' या शब्दाने तिला देवीत्वाची, भाद्रपदात घरोघरी येणाऱ्या माहेरवाशिणीची छाया दिली. परकी गौरकांती अनुवादात आपल्याशा पावित्र्यात मुरली. वास्तविक सावळी राजकन्या आपल्या परंपरेला अपरिचित नाही. द्रुपदाची यज्ञोत्पन्न कन्या वर्णावरूनच 'कृष्णा' म्हटली गेली आणि महाभारताने तिचे लावण्य त्या वर्णासह वर्णिले. तरीही लोकप्रिय चित्रांतून ती बहुधा गोरीच दिसते.

याहून निकटचे उदाहरण नाशिकच्या पंचवटीत सापडते. शूर्पणखा ही लंकाधिपतीची बहीण, म्हणजे राजकुळातीलच. नायकाची अभिलाषा ती स्वतः बोलून दाखवते. परंतु वाल्मीकी अरण्यकांडात राम आणि ती यांच्यात रूपविरोधांची मालिकाच रचतात आणि कथानक तिला नायिकापद नाकारून विरूपीकरणाची शिक्षा देते. या नगराचे नाव तिच्या छेदलेल्या नाकावरून पडले, असे लोकव्युत्पत्ती सांगते. त्याच पंचवटीत काळ्या पाषाणातील राम मात्र 'काळाराम' म्हणून पूजिला जातो. श्यामवर्ण नायकाला बाधत नाही. चित्रपरंपरेत तो बाधतो स्त्रीपात्रांना.

प्रॉप यांच्या भेदाची मर्यादा येथे स्पष्ट होते. कोणते कार्य कोणाच्या वाट्याला यावे, हे गुणधर्मच पुष्कळदा आधी ठरवून ठेवतात. म्हणून राजकन्यांना नवे रंग देणे ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी अपुरी आहे. कोणाच्या अभिलाषेला प्रेम म्हणायचे आणि कोणाच्या अभिलाषेला राक्षसीपणा, हे ठरवणारी दृष्टी कथेत कोणाची असते, हा प्रश्न समीक्षेने टाळता कामा नये.